गिअरची गाडी आणि गॅलिसियाचा किनारा

आमच्या ओळखीतल्या बहुतेकांचा युरोप करून झाला होता. रेडमंडमध्ये कुणाकडे जेवायला गेलं की कुणीतरी नुकतंच पॅरिस आणि स्वित्झर्लंड करून आलेलं असायचं आणि बर्फाचे फोटो असलेला फोन टेबलाभोवती फिरायचा. नवरा ते फोटो मन लावून बघायचा. घरी येताना गाडीत म्हणायचा, "आपण पण जाऊ यार एकदा." मी "हो" म्हणायचे आणि दुसरा विषय निघायचा. अशी पुष्कळ वर्षं गेली.

त्या हिवाळ्यात मात्र लेकीने मनावर घेतलं. ती सिएटलला राहते आणि समुद्री जिवांवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते. तिचा सगळा जीव खडकांना चिकटून राहणाऱ्या एका प्राण्यात अडकलाय. बोटाएवढा काळपट देठ आणि टोकाला पांढरी नखं, दिसायला थेट कासवाच्या पंजासारखा. लाट जिथे सगळ्यात जोरात आपटते तिथेच तो वाढतो, म्हणून त्याला बघायला जायचं तर भिजण्याची तयारी लागते. रविवारी ती जेवायला आली होती. नवऱ्याने पुन्हा पॅरिस काढलं, तेव्हा वरणभात कालवता कालवता ती म्हणाली, "बाबा, देअर्स नो ओशन इन पॅरिस."

मग तिने फोनवर नकाशा उघडला आणि स्पेनच्या वायव्य कोपऱ्यावर बोट ठेवलं. पोर्तुगालच्या डोक्यावर, अटलांटिकमध्ये घुसलेला, उंदराने कुरतडल्यासारखा दिसणारा किनारा. गॅलिसिया.

"इथे काय आहे?" नवऱ्याने विचारलं.

"रॉक्स," ती म्हणाली. आमचे चेहरे बघून मग मराठीत आली. "आणि लाइटहाउस. छोटी गावं. टूरिस्ट कमी असतात, एकदम कमी. गाडी घेऊन हळूहळू जायचं."

"या भागाला काही नाव असेल ना?"

"कोस्ता दा मोर्ते."

"म्हणजे?"

तिने पाण्याचा घोट घेतला. "कोस्ट ऑफ डेथ. बट दॅट्स जस्ट शिपरेक्स, बाबा. ओल्ड वन्स."

नवरा हसत सुटला. पॅरिसवाल्या मंडळींना आपण सुट्टीला मरणाच्या किनाऱ्यावर चाललोय असं सांगायला मिळणार, याचाच त्याला जास्त आनंद झाला असावा. जेवण होईपर्यंत सप्टेंबर महिना ठरला, आपण तिघंच जायचं हे ठरलं, आणि हॉटेलं आधी न ठरवता जमेल तिथे मुक्काम करायचा हा लेकीचा हट्ट नवऱ्याने अर्धामुर्धा मान्य केला.

त्यानंतर आमच्या घरात एक नवीनच प्रकार सुरू झाला. नवरा संध्याकाळी कामावरून आला की चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसायचा आणि गॅलिसियात गाडी चालवायला लागायचा. म्हणजे नकाशातले रस्त्याचे फोटो असतात ना, एकेक पाऊल पुढे सरकणारे, ते ढकलत ढकलत तो सगळा रस्ता पार करत होता. एकही वळण गाळायचं नाही असा त्याचा नियम. बाहेर आमच्या खिडकीवर फेब्रुवारीचा पाऊस, आणि त्याच्या पडद्यावर कायम लख्ख ऊन.

"काल मालपिका सोडलं," तो मला सांगायचा. "आज लाशेपर्यंत पोचतो बघ."

मी भाजी चिरताचिरता तिकडे बघायचे. दगडी भिंती, मक्याची शेतं, दगडाच्या पायांवर उभी केलेली धान्याची अरुंद कोठारं, आणि वळणावळणाला अचानक डोकावणारा समुद्र. एकदा त्याला एका फोटोत हातात बादली घेतलेली एक बाई दिसली. पुढच्या फोटोत ती थोडी पुढे गेलेली. त्याच्या पुढच्यात ती नव्हतीच. नवरा बेचैन झाला. मागे वळला, दुसऱ्या गल्लीतून शिरला, आणि दहा-पंधरा मिनिटांनी स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "सापडली. निळ्या फाटकातून आत जातेय. कोंबड्या आहेत तिच्याकडे."

मला त्या बाईपेक्षा रस्ता जास्त दिसत होता. दोन घरांच्या भिंतींमधून एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट आणि तीही चढाची. समोरून ट्रॅक्टर आला तर कुणी मागे जायचं, असा प्रश्न माझ्या डोक्यात यायचा. मी बोलत नव्हते. गाडी चालवणं हे आमच्या घरात त्याचं खातं होतं.

गाडी भाड्याने घेण्याचं काम त्याने शेवटी ठेवलं होतं, कारण ते सगळ्यात सोपं. तिथेच घोडं अडलं. आम्हाला हव्या त्या दिवसांत आ कोरुन्या शहरात ऑटोमॅटिक गाडी शिल्लकच नव्हती. त्याने चार ठिकाणी फोन केले. शेवटच्या ठिकाणची मुलगी फार गोड बोलली. म्हणाली, गिअरची गाडी हवी तेवढी आहे, आत्ता नाव लिहून घेते. नवऱ्याने फोन ठेवला आणि सोफ्यावर पाय सोडून बसला. तो गाडी शिकला अमेरिकेत आल्यावर. पुण्यात त्याने स्कूटर चालवली होती, पण तिचा क्लच हातात होता. पायातल्या क्लचशी त्याची कधी ओळखच झाली नव्हती. लेकीचीही नाही.

पुढच्या रविवारी तो तिला सगळं सांगत होता. बसने जाऊ या, नाहीतर ग्रुप टूर बघू या, नाहीतर सरळ पॅरिस. ती शांतपणे पोळी तोडत होती.

"आई कॅन ड्राइव्ह स्टिक," ती म्हणाली. स्टिक म्हणजे गिअरची गाडी.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"आजोबा टोल्ड मी," ती पुढे म्हणाली. "शी यूज्ड टु टीच पीपल."

"तू शिकवायचीस?" नवऱ्याने मला विचारलं.

"तुला माहितीये की."

"मला वाटलं तू तिथे ऑफिसात बसायचीस. पावत्या फाडायला."

इतक्या वर्षांच्या संसारानंतर हे ऐकून मला राग यायला हवा होता. पण त्याचा चेहरा इतका खरा गोंधळलेला होता की मला हसूच फुटलं.

सोलापूरला सात रस्ता चौकाजवळ माझ्या वडिलांचं, अण्णांचं, मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक शटर, आत एक टेबल, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, आणि बाहेर एक पांढरी मारुती, जिच्या डोक्यावर पिवळी पाटी. तिला शेजारच्या सीटखालीही ब्रेक आणि क्लच होता, शिकवणाऱ्यासाठी. मी कॉलेज संपवून रिकामी बसले होते तेव्हा गाडी शिकायला बायका येऊ लागल्या होत्या. शाळेतल्या बाई, सिव्हिलमधल्या एक नर्स, बँकेतल्या मॅनेजरांच्या पत्नी. अण्णांसमोर त्यांना संकोच वाटायचा. मग एक दिवस अण्णांनी मला शेजारच्या सीटवर बसवलं आणि म्हणाले, "आजपासून बायकांची बॅच तुझी." लग्न होईपर्यंत मी त्या सीटवर बसले. पाय कायम ब्रेकवर अधांतरी, आवाज शांत. सोलापुरातल्या कितीतरी बायका माझ्या शेजारी बसून पहिल्यांदा तिसऱ्या गिअरमध्ये गेल्या.

मग अमेरिका आली. इथे रस्ता उलटा, गाडीला क्लच नाही, आणि फ्रीवेवर सगळे सुसाट. लायसन काढलं, ऑफिसला, वाण्याकडे, लेकीच्या शाळेत गाडी नेली. पण फ्रीवे, पूल, लांबचा प्रवास हे नवरा करायचा. कुणी ठरवून केलं नाही. होत गेलं. हळूहळू मी अशी झाले की फ्रीवेच्या रॅम्पकडे गाडी वळवायची म्हटलं तरी हाताला घाम सुटायचा.

"आता नाही जमणार," मी म्हणाले. "पंचवीसेक वर्षं झाली."

"ट्राय तर कर," नवरा म्हणाला. गॅलिसिया हातचं जाऊ नये म्हणून तो त्या क्षणी मला विमानही चालवायला बसवायला तयार होता.

गिअरची गाडी मिळाली दोन घरं पलीकडे. तिथे एक निवृत्त संगीतशिक्षिका एकट्या राहतात. त्यांच्याकडे एक जुना, लाल, बुटका पिकअप ट्रक आहे. डेलियाच्या रोपांसाठी त्या त्यातून घोड्याची लीद आणतात आणि सगळ्या गल्लीला कळतं. मी भीतभीत विचारायला गेले. त्यांनी दारामागच्या खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "टेक हर. शी नीड्स द एक्सरसाइझ." मग मागून हाक मारून सांगितलं की दुसरा गिअर जरा हट्टी आहे, त्याच्याशी भांडू नकोस.

शनिवारी दुपारी जवळच्या शाळेचं पार्किंग रिकामं होतं. बुरबुर पाऊस होता. मी चाकामागे, नवरा शेजारी, आणि लेक बाहेर रेनकोटची टोपी ओढून फोनवर शूटिंग करायला उभी. मी सीट पुढे घेतली, आरसे लावले, क्लच दाबला, आणि पहिला गिअर टाकायला डावा हात जोरात खाली नेला. तो दाणकन दारावर आपटला. तिकडे गिअर डाव्या हाताला असायचा, इथे उजव्या. नवऱ्याने तोंड खिडकीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

गाडी पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदा उडी मारून बंद पडली. तिसऱ्यांदा मी काही विचारच केला नाही. समोर शाळेची बास्केटबॉलची जाळी होती, तिच्याकडे बघत राहिले आणि डाव्या पायाला त्याचं तो करू दिलं. तळव्याखाली तो जुना, बारीक थरार आला, इंजिन चाकांना धरतं त्या वेळचा. तो कसा असतो हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण पायाला सगळं पाठ होतं. ट्रक सुरळीत निघाला. दुसरा गिअर खरंच हट्टी होता, करकरला, मग पडला. तिसरा लोण्यासारखा. मी पार्किंगला एक चक्कर मारली, मग आणखी एक. मागच्या हौद्यात एक रिकामी बादली होती, ती प्रत्येक वळणाला या टोकाकडून त्या टोकाला गडगडत जायची. लेक ओरडून काहीतरी म्हणत होती, ते ऐकू येत नव्हतं. मला एवढंच आठवतंय की माझं तोंड हसून हसून दुखायला लागलं होतं.

"कुणाला सांगतेयस?" नवऱ्याने विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मोठ्याने बोलत होते. क्लच पूर्ण, आता गिअर, आरशात बघा, हळू सोडा. सगळं आदरार्थी, सोलापूरच्या बायकांशी बोलायचे तसं.

"तुला," मी म्हणाले. गाडी थांबवून खाली उतरले. "सरक इकडे. शिकायचं तर दोघांनी."

नवरा हुशार माणूस आहे. ऑफिसात लोक त्याला विचारून निर्णय घेतात. क्लच मात्र त्याला विचारत नव्हता. त्या शनिवारी आणि नंतरच्या बऱ्याच शनिवारी तो लाल ट्रक त्याच्या हाताखाली सशासारखा उड्या मारत राहिला. त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण हवं असायचं. दोन तबकड्या एकमेकींना घासतात, मग फिरतात, हे त्याने वाचून आणलं होतं. "म्हणजे नक्की किती अंतरावर पकडतो?" असं तो विचारायचा आणि मी म्हणायचे, "पायाला विचार." त्याला हे उत्तर अजिबात आवडायचं नाही.

शेवटी लेकीने अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तोवर मे महिना लागला होता, इथे संध्याकाळी सातला चांगला उजेड असायचा आणि सोलापुरात रविवारची सकाळ झालेली असायची. अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. ड्रायव्हिंग स्कूल कधीच विकलं. ते गच्चीत खुर्ची टाकून चहा घेत होते.

"जावईबापू, पाय बघू द्या," त्यांनी एवढंच म्हटलं.

लेकीने दार उघडून फोन खाली नवऱ्याच्या पायांशी धरला.

"एवढाले बूट घालून कसं कळायचं? काढा आधी."

नवऱ्याने बूट काढले. मोजे घालून बसला.

"आता ऐका. झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून हात काढतो ना आपण? तसा पाय काढायचा. घाई केली की उठलंच ते."

नवऱ्याने फोनकडे पाहिलं, मग पायाकडे. लेक लहान असताना तिला झोपवायचं काम त्याचं होतं. तासतासभर तिचं डोकं दंडावर घेऊन बसायचा आणि मग इतका हळू हात काढायचा की श्वासही घ्यायचा नाही. आत्ताही त्याने श्वास रोखला होता. डावा पाय वर आला, आणखी वर आला, आणि ट्रक एक शब्द न बोलता पुढे सरकला.

"हां," अण्णा म्हणाले. "आता श्वास घ्या."

लेक ट्रकबरोबर चालत होती, फोन खिडकीत धरून. खुशीत येऊन अण्णांनी विचारलं, "एवढं शिकून जायचंय कुठं म्हणालात?"

"स्पेनला, आजोबा," लेक तिच्या मराठीत म्हणाली. "तिथे एक कोस्ट आहे. नाव आहे... डेथचा किनारा."

नवऱ्याचा पाय सुटला. ट्रकने आचका दिला आणि बंद पडला. हे नाव सोलापूरला कळू द्यायचं नाही असं आमचं ठरलं होतं, ते तिला सांगायचं राहून गेलं होतं. फोनमध्ये अण्णा खुर्चीतून पुढे वाकले.

"मरणाचा किनारा?"

"पूर्वी जहाजं बुडायची म्हणून, अण्णा," मी खिडकीशी जाऊन म्हणाले. "जुनी गोष्ट आहे."

त्यांनी विचार केला. "जहाजं बुडायची ना? मग काय. तुम्ही गाडी पाण्यात घालू नका म्हणजे झालं." मग मला म्हणाले, "चढावर घेतलीस का?"

"नाही अजून."

"मग काय करायलीस तिथं? सपाटीवर कुणीबी चालवतंय."

तो अण्णांचा नियमच होता. सोलापूर सगळं सपाट, म्हणून ते प्रत्येकाला रेल्वेच्या पुलावर न्यायचे, चढावर मधोमध गाडी थांबवायला लावायचे आणि पुन्हा सुरू करायला सांगायचे. तेवढं जमल्याशिवाय कुणाला परीक्षेला पाठवत नसत. आणि नवऱ्याच्या पडद्यावरचं अर्धं गॅलिसिया म्हणजे चढच होता.

आमच्या जवळपास चढ आहेत, पण खरे चढ सिएटलला. लेक राहते तो रस्ता तर असा की तिथे पायी जातानाही मी मध्ये थांबते. तिथे जायचं म्हणजे आधी फ्रीवे, मग तळ्यावरचा तो लांबलचक तरंगता पूल. मी तो कधी ओलांडला नव्हता, म्हणजे शेजारी बसून कितीदातरी, पण स्वतः नाही. जूनमधल्या एका रविवारी नवरा म्हणाला, "चल, लेकीकडे जाऊ. ट्रकने." आणि आपण होऊन शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

रॅम्पवर माझे हात ओले झाले. पण ऑटोमॅटिक गाडीत मी नुसती बसलेली असायचे आणि भीतीला भरपूर मोकळा वेळ मिळायचा. या ट्रकमध्ये तसं नव्हतं. तिसरा, चौथा, आरसा, क्लच, दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात. पुलावर पोचेपर्यंत घाबरायचं राहूनच गेलं. दोन्हीकडे राखाडी पाणी, लांबवर शिडाची एक होडी, आणि आम्ही सगळ्यात उजव्या लेनमधून, लिदीच्या मंद वासात, चौथ्या गिअरमध्ये चाललेलो. सगळं जग आम्हाला ओव्हरटेक करत होतं.  पूल संपल्यावर नवरा म्हणाला, "तू गुणगुणत होतीस."

लेकीच्या रस्त्यावर चढाच्या ऐन टोकाला थांबायची पाटी आहे. तिथे थांबावंच लागतं. मी थांबले. आरशात पाहिलं तर सामान पोचवणारी एक मोठी व्हॅन अगदी पाठीला येऊन उभी. नवऱ्याचा हात डॅशबोर्डवर गेला. क्लच सोडायला लागले तसा ट्रक वीतभर मागे घसरला, मी ब्रेक दाबला. आरशातला व्हॅनवाला माझ्याकडे बघत होता. मग त्याने व्हॅन सावकाश मागे घेतली, भरपूर जागा सोडली, आणि स्टिअरिंगवर हात ठेवून निवांत बसला.

मी हँडब्रेक ओढला. क्लच इतका सोडला की ट्रकचं नाक जरासं वर उचललं गेलं, इंजिनाचा आवाज जड झाला. मग हँडब्रेक खाली. आम्ही वर गेलो. मागून व्हॅनवाल्याने हॉर्नची छोटी पिपाणी वाजवली, ती शाबासकीची होती हे मला लगेच कळलं.

"झालं," नवरा म्हणाला. "आता पार्क कर."

"थांब," मी म्हणाले आणि गाडी उजवीकडे वळवून खाली आणली. तो चढ मी आणखी चार-पाच वेळा घेतला. शेवटच्या वेळी कोपऱ्यावर राहणारे एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन थांबून आमच्याकडे संशयाने बघत होते.

त्या दुपारी लेकीच्या लहानशा टेबलावर खरा बेत आखला गेला. तोवर नवऱ्याने काय केलं होतं ते तेव्हा मला कळलं. त्याने सगळे तीव्र चढ आणि अरुंद गल्ल्या चुकवून लांबून जाणारा रस्ता निवडला होता. मुशिया गावही वगळलं होतं. माझ्यासाठी, पण मला न सांगता. मी तो रस्ता पुसायला लावला. "मुशियातून जायचं," मी म्हणाले, "आणि फिस्तेराच्या दीपगृहापर्यंत वर." त्याला एवढा आनंद झाला की त्याने लगेच पडद्यावर तो चढ उघडून दाखवला. त्या वाटेवर तो आधीच एकदा जाऊन आला होता.

लेकीचा हिशोब भरती-ओहोटीचा होता. तिला रोज ओहोटीला खडकांवर पोचायचं होतं, त्यामुळे आमची जेवणं, झोप, सगळं चंद्रावर अवलंबून. नवरा शाकाहारी, आणि त्या किनाऱ्यावर लोक समुद्रातलं जे जे हलतं ते खातात. त्याची काळजी आम्हाला होती, त्याला नव्हती. नंतर एका जेवणात एका काकूंनी त्याला विचारलंच, "तिथे इंडियन मिळतं का रे?" तेव्हा तो ऐटीत म्हणाला, "काकू, तिथे हिरव्या मिरच्या तेलात परतून वर खडे मीठ घालून देतात. बटाट्याचं ऑम्लेट आहे. पाव आहे. अजून काय पाहिजे?" मी माझ्यासाठी एकच गोष्ट मागून घेतली. कामारिन्यास नावाच्या गावात बायका लाकडी चात्यांवर दोऱ्याची नक्षी विणतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. त्यांच्या शेजारी जाऊन बसायचं.

आणि त्या गोड बोलणाऱ्या मुलीला पुन्हा फोन झाला. तिने मुख्य चालक कोण विचारलं तेव्हा नवऱ्याने फोन माझ्याकडे दिला. दुसरा चालक म्हणून त्याचंही नाव लावलं. उगाच, असं तो म्हणाला.

सप्टेंबरात आम्ही गेलो. सगळं काही सांगत बसत नाही. पहिल्या दिवशी पेट्रोलपंपावर गाडी दोनदा बंद पडली. मुशियाच्या गल्लीत समोरून खरोखर ट्रॅक्टर आला, आणि तो माणूसच हसत हसत मागे गेला. कामारिन्यासच्या बायकांनी मला चात्या हातात दिल्या आणि मी केलेला गुंता सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. नवऱ्याने मिरच्यांची अख्खी ताटली संपवली.

कामारिन्यासमध्येच दुसऱ्या दिवशी दुपारी लेक ओहोटीला खडकांवर गेली होती. आम्ही दोघं बंदराच्या धक्क्यापाशी गाडीत बसलो होतो. जेवणाची वेळ, त्यामुळे धक्का सुनसान. जाळ्यांचे ढीग, वाळत टाकलेली दोरखंडं, दूरवर एक म्हातारे गृहस्थ बाकावर.

"एक चक्कर मारू?" नवऱ्याने विचारलं.

आम्ही जागा बदलल्या. त्याने बूट काढून मागे टाकले. गाडी अलगद निघाली, पहिल्यातून दुसऱ्यात गेली, आणि तो धक्क्याच्या टोकापर्यंत जाऊन सावकाश वळला. तेवढ्यात खडकांकडून लेक वर येताना दिसली, गुडघ्यापर्यंत भिजलेली, केस तोंडावर, हातात बूट. आम्हाला बघून तिने बस थांबवावी तसा हात पुढे केला. नवरा इतका रंगात आला होता की त्याला वेळेवर थांबताच आलं नाही. तिच्या शेजारून जाताना त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "पुढच्या फेरीला घेतो तुला." आणि तिसरा गिअर टाकला.